हौशी अंकांची नोंदवही

सुरतेच्या आमलीरान भागात कवी नर्मदाचे ‘सरस्वती मंदिर’ हे घर आजही उभे आहे. १८६४ साली या सुरतकर कवीने काही स्नेह्यांना हाताशी धरून ‘डांडियो’ नावाचे एक छोटे पाक्षिक सुरू केले. डांडियो म्हणजे रात्री दांडी वाजवीत, लोकांना सावध करीत हिंडणारा पहारेकरी. शेअरच्या सट्ट्याने मुंबई-सुरतेकडील बड्याबड्यांची मती गुंग झाली होती, त्या दिवसांत या पहारेकऱ्याने कोणाची भीडमुर्वत ठेवली नाही. १८६९ साली तो थांबला. अशा पत्रांचे अंक ग्राहक वाचतात आणि पुडी बांधायला देतात. तरीही ‘डांडियो’ पुढे ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आला, याचे श्रेय सुरतेतील नर्मदाच्या अभ्यासकांना द्यावे लागते.

धंद्याकरिता नव्हे, तर आवडीपोटी किंवा चिडीपोटी काढलेल्या अशा अंकांची परंपरा जगभर आहे. अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांनी १९३० साली ‘द कॉमेट’ हा अंक काढला. अशा अंकांना ‘फॅनझीन’ हे नाव पडले ते १९४०मध्ये. मराठीत ‘अनियतकालिक’ हा शब्द रूढ झाला, आणि तो अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. पुढचा अंक केव्हा निघेल याचे वचन त्यात नाही. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदी तरुण मित्रांनी मुंबईत ‘शब्द’ काढले, तेही सायक्लोस्टाइल करून. नंतर अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी रांगच लागली. मेणकागदावर टंकलेखन करावयाचे, यंत्राचा दांडा हाताने फिरवावयाचा, शाईने बोटे काळी करून घ्यावयाची आणि मित्राच्या खोलीत बसून टाके मारावयाचे. संपादकाचे नाकारपत्र येण्याची येथे धास्ती नव्हती. हाती अंक घेणाऱ्याला तिरपी पडलेली ओळ, पुसट अक्षर, समासात पेनाने केलेली दुरुस्ती दिसते, आणि हे कोणा एका माणसाने आपल्यासाठी केले आहे असे वाटते. गुळगुळीत छापील मासिकाला ही माया सहसा साधत नाही.

परंतु जे गुण वाचकाला लोभवितात, तेच सूचिकाराला छळतात. अंकावर तारीख नसते. असलीच तर खोटी किंवा थट्टेची असते. क्रमांक चुकतात, नाव मध्येच बदलते, लेखक टोपणनावाआड दडतो. शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी नियतकालिकांची सूची चिकाटीने सिद्ध केली. तिची कालमर्यादा मात्र १९५०पर्यंतची. म्हणजे अनियतकालिकांचा खरा बहर नेमका तिच्या उंबरठ्याबाहेर राहिला.

महाजालावरील सूची येथे उपयोगी पडते, आणि तिचे काम वाटते तितके अवघड नाही. अमेरिकेतील झीन-ग्रंथपालांनी अशा अंकांसाठी नोंदीचा एक सामाईक नमुनाच बेतला आहे. नाव, काढणारे, गाव, वर्ष, आकार, पृष्ठे, छपाईची रीत, विषय आणि प्रत कोठे आहे, एवढे मुख्य रकाने. वर्ष नक्की नसेल तर ‘सुमारे’ असे लिहावे. अंदाजाला खात्रीचे रूप देऊ नये. सुरतेसारख्या गावी, जेथे गुजराती आणि मराठी शेजारी नांदतात, तेथे एकच नाव गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत नोंदणे अगत्याचे. नाहीतर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

नोंद करणे आणि अंक सबंध चढविणे या गोष्टी भिन्न आहेत. नोंदीला कोणाची परवानगी लागत नाही. मजकुराला लागते, भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क टिकतो. शिवाय ज्याने पन्नास मित्रांसाठी टोपणनावाने लिहिले, त्याचे खरे नाव साऱ्या जगापुढे उघड करावे काय, हा प्रश्न कायद्यापेक्षा सौजन्याचा आहे. तेव्हा आधी नोंद करावी, छायाचित्रे मागाहून घ्यावीत, हाच क्रम बरा.

घाई मात्र आहे. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावले नाही आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या कागदाची अशा पाण्यात काय गत होते, हे सांगावयास नको. ज्या अंकाची एकच प्रत कोणाच्या पेटीत असेल आणि नोंद कोठेच नसेल, तो बुडाला तर काय बुडाले हेही कोणास कळत नाही. नोंद असली म्हणजे निदान दुसरी प्रत शोधीत निघता येते. आणि पुष्कळदा ती वर्गणीदाराच्या नातवाकडे, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातच सापडते.