डब्यातले पैसे

मैत्रिणींनो, ८ नोव्हेंबर २०१६ची रात्र आठवतेय? पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरी डाळ-तांदळाच्या डब्यांतली आपली बचत उघडी पडली. आमच्या बचत गटातल्या एकीने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी अकरा हजार साठवले होते. नवरा भडकला, "माझ्यापासून लपवलंस?" मी तिथंच बसलेली, काय बोलावं सुचेना. सासूबाई उठल्या, ट्रंकेतून पाचशेच्या चार नोटा काढून सुनेच्या हातावर ठेवल्या. "हेही भर गं, पोरीच्या नावानं." तो गप्प झाला. दुसऱ्या आठवड्यात बँकेच्या रांगेत सकाळी सातपासून तोच उभा! त्याच्या मागं मी, माझे साडेचार हजार घेऊन. आमच्या ह्यांना तो आकडा अजून सांगितलेला नाही.