वाकोल्यावर पडलेले पाणी: घातांकांच्या नियमांची करामत

26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत मुंबईतल्या वाकोल्याशेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटर पडला होता. मिठी नदी आणि तिला मिळणारा वाकोला नाला, दोन्ही पात्राबाहेर आले. 944 हा आकडा उपनगरांतल्या कित्येकांना आजही पाठ आहे. पण त्या आकड्याचे पाणी नेमके किती, हे सातवीतले मूल कागदावर काढू शकते. त्यासाठी बालभारतीच्या पुस्तकातले ‘घातांक’ हे प्रकरण पुरते.

वाकोल्याची एक चौरस किलोमीटर जागा घेऊ आणि तिथेही तेवढाच पाऊस धरू. एक किलोमीटर म्हणजे 10³ मीटर. त्याचा वर्ग करायचा, म्हणजे घाताचा घात. इथे घातांकांचा गुणाकार होतो. (10³)² = 10⁶ चौरस मीटर. मिलिमीटर हा मीटरचा हजारावा भाग, म्हणून तो 10⁻³ मीटर. ऋण घातांकाला मुले बिचकतात, पण त्याचा अर्थ एवढाच की तो घात छेदात आहे. आता पाया सारखाच, 10, म्हणून गुणाकारात घातांकांची बेरीज: 944 × 10⁻³ × 10⁶ = 944 × 10³ घनमीटर. एका घनमीटरात 10³ लीटर मावतात. उत्तर 944 × 10⁶ लीटर, म्हणजे 94 कोटी 40 लाख लीटर. एवढ्या प्रचंड संख्येसाठी सगळे श्रम पडले ते 3, 6 अशा चिमुकल्या अंकांच्या बेरजेचे!

शून्य घातांकाचे कोडेही याच पावसात सुटते. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते 10⁻³ घनमीटर. त्याचे लीटर करायला 10³ ने गुणले की येते 10⁰. आणि ते पाणी असते बरोबर एक लीटर. 10⁰ ची किंमत 1 का, हे पाठ करण्यापेक्षा असे पाहिले तर मुलांना कायमचे पटते, असे मला मनापासून वाटते. वाकोल्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर त्या दिवशी 944 लीटर पाणी कोसळले, हेही त्यातूनच कळते.

सर्वांत जास्त मुले जिथे फसतात ती जागा मात्र बेरजेची. शेजारचा आणखी एक चौरस किलोमीटर मिळवला तर 10⁶ + 10⁶ होते 2 × 10⁶. घाईघाईत घातांक मिळवून 10¹² लिहिले, तर दहा लाख चौरस किलोमीटर होतात; त्यात तीन महाराष्ट्र मावून वर जागा उरेल. घातांकांची बेरीज फक्त गुणाकारात आणि पाया एकच असताना करायची. भागाकारात वजाबाकी. आठवीत हेच नियम अपूर्णांकी घातांकांपर्यंत जातात आणि घनमूळ हा 1/3 घात ठरतो.

आज आपण घातांक पायाच्या डोक्यावर लिहितो, ती पद्धत देकार्तने 1637 मध्ये रूढ केली. पण दहाच्या घातांना एकेक नाव देण्याची आपली परंपरा तिच्याहून कितीतरी जुनी. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी अठरा नावे दिली आहेत. त्यांतले शेवटचे परार्ध, म्हणजे 10¹⁷.

आता त्या पाण्यातले रेणू मोजू. एक लीटर पाण्यात सुमारे 3.34 × 10²⁵ रेणू असतात. आपले पाणी 9.44 × 10⁸ लीटर. 9.44 आणि 3.34 चा गुणाकार सुमारे 31.5, घातांकांची बेरीज 25 + 8 = 33. म्हणजे 31.5 × 10³³, नीट मांडले तर 3.15 × 10³⁴. आणि 34 म्हणजे 17 + 17. परार्धाला परार्धाने गुणा आणि वर पुन्हा तिपटीहून थोडे अधिक करा: एका चौरस किलोमीटर वाकोल्यावर त्या चोवीस तासांत पाण्याचे इतके रेणू उतरले.