जपानी, चिनी की कोरियन? दोन भाषा एकदम निवडण्यापूर्वी

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे पार्थिव जतन केले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ च्या एप्रिलमध्ये गोवा सोडला आणि १५ ऑगस्ट रोजी ते जपानमधील कागोशिमा येथे उतरले. त्यांच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. आदल्या वर्षी गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता. जपानमधील वास्तव्यात झेवियर यांना एक गोष्ट विशेष वाटली. तेथील सुशिक्षितांना चिनी लिपीतील लेखन वाचून समजत असे, परंतु चिनी माणसाचे बोलणे त्यांना उमगत नसे. १५५२ मध्ये लिहिलेल्या पत्रांत त्यांनी याची नोंद केली. त्याच वर्षी ते चीनकडे निघाले आणि ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर त्यांचे निधन झाले.

पावणेपाचशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आज महाविद्यालयात पूर्व आशियातील दोन भाषा एकाच वेळी शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके लागू पडते. या भाषा दुरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. जवळ गेल्यावर त्यांतील साम्य एका ठिकाणी आणि सोय दुसऱ्याच ठिकाणी असल्याचे ध्यानात येते.

हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये जपानी व कोरियन यांची नावे आहेत. २०१९ च्या मसुद्यात असलेली चिनी भाषा अंतिम यादीतून वगळली गेली. पदवीच्या नव्या रचनेत एक मुख्य आणि एक गौण विषय घेता येत असल्याने ‘जपानी मुख्य, कोरियन गौण’ अशी जोडी जिथे दोन्ही विभाग आहेत तिथे शक्य झाली आहे. अशी निवड करण्यापूर्वी तिचा नफातोटा समजून घेणे हिताचे ठरेल.

नाते रक्ताचे नव्हे, उसनवारीचे

चिनी ही चिनी-तिबेटी कुळातील भाषा. जपानी आणि कोरियन या त्या कुळातील नाहीत. त्या दोघींचे परस्परांशी रक्ताचे नातेही अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. तरीही तिन्हींच्या शब्दसंग्रहात विलक्षण साम्य आढळते, कारण जपानी व कोरियन भाषांनी शतकानुशतके चिनीतून शब्द घेतले. मराठी आणि कन्नड यांची कुळे वेगळी असूनही ‘पुस्तक’ हा संस्कृत शब्द दोघींकडे आहे, तसाच हा प्रकार. ग्रंथालयाला चिनीत ‘थूशूक्वान’, जपानीत ‘तोशोकान’ आणि कोरियनमध्ये ‘तोसोग्वान’ म्हणतात. मूळ अक्षरे तीच. उच्चार मात्र प्रत्येक भाषेच्या वळणाचे.

ही देवघेव एकेरी नव्हती. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्यांसाठी जपानी विद्वानांनी चिनी अक्षरे जोडून नवे शब्द घडवले. तत्त्वज्ञान या अर्थाचा ‘तेत्सुगाकु’ हा निशी अमाने यांनी घडवलेला शब्द पुढे चिनी आणि कोरियन भाषांनीही स्वीकारला. म्हणूनच एका भाषेत कमावलेला शब्दसाठा दुसरीत उपयोगी पडतो, ही दोन भाषा शिकण्याच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट होय.

लिपीचा चकवा

याच साम्यात पहिला खड्डा आहे. चीनने १९५६ पासून अक्षरे सोपी करण्याची योजना राबवली. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःच्या पद्धतीने काही अक्षरे सुटसुटीत केली. तैवान व हाँगकाँग येथे जुनी रूपे कायम राहिली. ‘घोडा’ या अर्थाचे अक्षर जपानमध्ये दहा रेघांचे आहे, तर चीनमध्ये तीन रेघांचे. ‘वायू, चैतन्य’ या अर्थाच्या अक्षराच्या तर तीन तऱ्हा आहेत : जुन्या रूपात दहा रेघा, जपानमध्ये सहा आणि चीनमध्ये चार. एकाच वर्षी दोन्ही रूपे गिरवणाऱ्याच्या हातून तिसरेच, कुठल्याही देशात न चालणारे रूप उमटण्याची शक्यता मोठी असते.

उच्चारांचेही तसेच. चिनीत एका अक्षराला सहसा एकच उच्चार असतो. ‘जीवन, जन्म’ या अर्थाचे अक्षर चिनीत ‘शंग’ एवढेच वाचले जाते. जपानीत तेच अक्षर संदर्भानुसार ‘सेइ’, ‘शो’, ‘नामा’ अशा अनेक तऱ्हांनी वाचावे लागते. जपानच्या नित्य वापराच्या अधिकृत यादीत २०१० पासून २,१३६ अक्षरे आहेत. चीनच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरे असून त्यांतील ३,५०० पहिल्या श्रेणीत मोडतात.

अर्थाचा चकवा याहून अवघड. देवनागरी वाचणाऱ्यांना तो परिचित आहे : हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड; हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ज्या अक्षरजोडीचा जपानीत ‘पत्र’ असा अर्थ होतो, तीच चिनीत शौचालयातील कागदासाठी वापरतात. जपानीत ‘अभ्यास’ दर्शवणारी जोडी चिनीत ‘नाइलाजाने’ अशा अर्थाची आहे. जपानीत ‘मुलगी’ सांगणारे अक्षर चिनीत ‘आई’ सुचवते. परीक्षेत अशा चुकीने गुण जातात. व्यवसायात मात्र अनुवादकावरचा विश्वासच जातो.

कोरियनचा विद्यार्थी या गुंत्यातून बराचसा सुटतो. राजा सेजोंग याच्या कारकिर्दीत १४४३ मध्ये तयार झालेली आणि १४४६ मध्ये जाहीर झालेली हंगुल लिपी चोवीस मूळ अक्षरांची आहे. व्यंजन व स्वर जोडून अक्षरसमूह बनवण्याची तिची रीत बाराखडी शिकलेल्याला लवकर कळते. परंतु लिपी लवकर आली म्हणजे भाषा आली, असा समज करून घेऊ नये.

मराठीचा आधार

डोळ्यांना न दिसणारे खरे साम्य वाक्यरचनेत आहे आणि त्यात मराठी भाषकाचा मोठा लाभ आहे. ‘मी पुस्तक वाचतो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा होन ओ योमिमासु’ असे होते : कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. कोरियनचाही क्रम हाच. चिनीत मात्र ‘वो खान शू’, म्हणजे ‘मी वाचतो पुस्तक’. ‘टोकियोपर्यंत’ म्हणताना जपानी भाषा मराठीप्रमाणेच शब्दयोगी अव्यय नामानंतर लावते : ‘तोक्यो मादे’. कोरियनही तसेच करते. चिनीत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही स्थळाच्या आधी येतात.

हे साम्य आणखी खोलवर जाते. ‘खाऊन पाहा’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. खाणे आणि पाहणे यांचा तिथे तसा संबंध नसतो. ‘पाहणे’ हे प्रयत्न सुचवते. जपानीत याच अर्थी ‘ताबेते मिरु’ आणि कोरियनमध्ये ‘मोगो बोदा’ म्हणतात. दोन्हींतील दुसरे क्रियापद ‘पाहणे’ हेच आहे. ‘करून ठेवणे’ यालाही दोन्ही भाषांत थेट समांतर रचना आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जिथे नियम पाठ करावा लागतो, तिथे मराठीतून विचार करणाऱ्याला ओळख पटते.

चिनीतही मराठीचा उपयोग होतो, पण तो उच्चारांत. रोमन लिपीत ‘बी’ या अक्षराने दाखवलेला चिनी ध्वनी वस्तुतः मराठी ‘प’च्या जवळचा आहे, तर ‘पी’ने दाखवलेला ध्वनी त्याच ‘प’चे महाप्राण रूप आहे. अल्पप्राण आणि महाप्राण यांतील हा भेद मराठी कानाला उपजत कळतो. चार सुरांचा सराव मात्र नव्यानेच करावा लागतो, कारण सूर बदलला की शब्दच बदलतो.

आदराची दोन गणिते

जपानी व कोरियन ही जोडी व्याकरणामुळे सोपी भासते. तिचा अवघडपणा आदरार्थी रूपांत दडलेला आहे. घरी कुणाचा दूरध्वनी आला तर मराठी मूल ‘बाबा बाहेर गेले आहेत’ असेच सांगते. ऐकणारा परका असला तरी वडिलांचा मान कमी होत नाही. कोरियन रीत अशीच आहे. जपानीत मात्र परक्यांपुढे आपल्या घरच्यांचा किंवा आपल्या कार्यालयातील वरिष्ठांचाही उल्लेख नम्र रूपाने, आदरार्थी प्रत्यय न लावता करायचा असतो. जपानी सवयीने कोरियन बोलणारा उद्धट ठरतो आणि कोरियन सवयीने जपानी बोलणारा आपल्याच माणसांचा बडेजाव करणारा वाटतो. दोन्ही चुका व्याकरणशुद्ध वाक्यांतच होतात, म्हणून त्या स्वतःच्या लक्षात येणे कठीण.

तासांचा हिशेब

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतील भाषाप्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना व्यावसायिक प्रभुत्वासाठी चिनी, जपानी किंवा कोरियन यांपैकी कोणत्याही एका भाषेला सुमारे २,२०० वर्गतास लागतील, असे मानते. मराठी भाषकाला वाक्यरचनेत काही सूट मिळेल. अक्षरे व शब्दसंग्रह यांत ती फारशी मिळत नाही. आता महाविद्यालयाकडे पाहू. एक श्रेयांक म्हणजे अध्यापनाचे १५ तास. चार श्रेयांकांचा विषय सहा सत्रे घेतला तर तीन वर्षांत ३६० तास होतात. मुख्य विषयाला याहून अधिक तास मिळतात, तरीही मोठी तूट राहते आणि ती विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळेतून भरून काढायची असते. भाषा दोन असतील तर तूटही दुप्पट होते.

खरा धोका इथे आहे. तीन वर्षांनंतर हाती दोन प्रारंभिक प्रमाणपत्रे असतात, पण एकाही भाषेतील वृत्तपत्र सलग वाचता येत नाही. दुभाषाच्या वा अनुवादकाच्या कामाला दोन अर्ध्या भाषा मिळून एक पूर्ण भाषा होत नाही.

मग करावे काय?

दोन भाषा शिकूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. दोन्ही एकाच वर्षी शून्यापासून सुरू करू नयेत, एवढाच आहे. पहिली भाषा वर्ष-दीड वर्ष नेटाने शिकावी. जपानीच्या पाच पातळ्यांच्या प्रमाण परीक्षेत खालून दुसरी, म्हणजे ‘एन-४’ पातळी गाठली की सोपे उतारे वाचता येतात आणि भाषेची बैठक पक्की होऊ लागते. त्यानंतर कोरियन घेतल्यास वाक्यरचनेचे श्रम वाचतात, चिनी घेतल्यास अक्षरओळखीचे.

चिनी व जपानी ही जोडी असेल तर प्रत्येक अक्षराची दोन्ही रूपे, उच्चार आणि अर्थ समोरासमोर लिहिलेली एक वही ठेवावी. चकवणाऱ्या शब्दांची पाने वेगळी असावीत. दोन्हींचा अभ्यास लागोपाठ करण्याऐवजी सकाळ एकीला आणि संध्याकाळ दुसरीला द्यावी. भारतात जपानीची प्रमाण परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये होते. त्याच हंगामात दुसऱ्या भाषेची परीक्षा ओढवून घेऊ नये. आणि दोन्ही भाषांकडून सारखीच अपेक्षा ठेवू नये : एक उपजीविकेसाठी वरच्या पातळीपर्यंत न्यावी, दुसरी वाचनापुरती किंवा संभाषणापुरती राहिली तरी तो तोटा नव्हे.

प्रवेश घेताना महाविद्यालयाला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. गौण भाषा तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवली जाते काय? तिच्यासाठी नियमित अध्यापक आहे काय? दोन्ही विभागांच्या तासिका एकाच वेळी तर येत नाहीत ना? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अडखळत आले तर दुसरी भाषा पदवीनंतरसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. पहिली भाषा भक्कम असेल, तर दुसरीचे दार तेव्हाही उघडेच असते.