भूल उतरायच्या आत

फुफ्फुसातली दोन सेंटिमीटरची गाठ वेळीच सापडली, तर ती काढून टाकून माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. पण गाठीसोबत फुफ्फुस किती काढायचं? उजव्या फुफ्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन. गाठ असलेला अख्खा खंड काढायचा, की त्यातला छोटा भाग काढून बाकीचा वाचवायचा? काढलेला भाग परत येत नाही, त्यामुळे पुढच्या आयुष्यातला दम या निर्णयावर ठरतो. आणि हा निर्णय बऱ्याचदा गाठीकडे नव्हे, तर तिच्या आसपासच्या काही मिलिमीटरच्या लसिकाग्रंथींकडे बघून घ्यावा लागतो. तोही रुग्ण टेबलावर भुलेखाली असताना.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. तीच व्यवस्था छातीतही असते. पेशींभोवती पाझरलेला द्रव, म्हणजे लसिका, बारीक वाहिन्यांतून परत रक्ताकडे निघतो आणि वाटेत त्याला लसिकाग्रंथींचे जकात नाके लागतात. जंतू, धूळ, काजळी, सगळं तिथे अडवलं जातं. कर्करोगाची सुटलेली पेशीही याच वाटेने निघते आणि अशा ग्रंथीत अडकते. अडकलेल्या बहुतेक पेशी मरतात. एखादी मात्र तिथेच ठाण मांडते आणि वाढू लागते.

या वाटांचा नकाशा जपानी सर्जन त्सुगुओ नारुके यांनी 1978 साली प्रसिद्ध केला. छातीतल्या ग्रंथींच्या प्रत्येक ठिकाणाला त्यांनी क्रमांक दिला. आज जगभर वापरला जाणारा नकाशा त्याच परंपरेतला आहे. 1 ते 9 हे क्रमांक मानेच्या तळापासून दोन्ही फुफ्फुसांच्या मधल्या भागापर्यंतचे, 10 ते 14 फुफ्फुसाच्या मुळाशी आणि आतल्या बाजूचे. श्वासनलिका जिथे दुभंगते, त्याच्या बरोबर खालची जागा म्हणजे स्टेशन 7. रोग जवळच्या ग्रंथींतून हळूहळू लांबच्या ग्रंथींकडे सरकेल, अशी अपेक्षा असते. पण काही लसिकावाहिन्या मधली स्टेशनं वगळून थेट छातीच्या मध्यभागी जातात. त्यामुळे जवळची ग्रंथी साफ निघाली, म्हणजे लांबचीही साफ असेलच असं नाही.

मग शस्त्रक्रियेआधीच्या पेट स्कॅनमध्ये हे दिसत नाही का? बरंचसं दिसतं, सगळं नाही. पेट स्कॅन साखर अधाशासारखी खाणाऱ्या पेशी उजळून दाखवतो. पण अगदी छोटा पुंजका त्याच्या नजरेतून निसटतो. उलट बाजूने, आपल्याकडे क्षयरोग इतका पसरलेला आहे की जुन्या क्षयाने सुजलेली ग्रंथीही स्कॅनवर तशीच उजळते. ग्रंथी न उजळली म्हणून ती निर्दोष ठरत नाही आणि उजळली म्हणून दोषीही ठरत नाही. शेवटी ती सूक्ष्मदर्शकाखालीच बघावी लागते.

एरवी याला काही दिवस लागतात. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचं, मेणात बसवायचं, मग काप घ्यायचे. टेबलावरचा रुग्ण इतकं थांबू शकत नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन या पॅथॉलॉजिस्टने 1905 साली यावर वाट काढली. रुग्ण टेबलावर असतानाच निदान सांगा, अशी सर्जन विल्यम मेयो यांची मागणी होती. विल्सनने तिथल्या कडाक्याच्या थंडीत ऊतक खिडकीबाहेर ठेवून गोठवलं, त्याचे काप घेतले आणि मेथिलीन ब्ल्यूने रंगवले. गोठवून काप घेण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. विल्सनने मात्र ते रोजच्या कामात आणले. हेच फ्रोझन सेक्शन.

आज खिडकीची जागा क्रायोस्टॅटने घेतली आहे. ऑपरेशन थिएटरमधून स्टेशनचा क्रमांक लिहिलेल्या डबीत ग्रंथी येते. फुफ्फुसाजवळची ग्रंथी बहुधा काळपट असते, कारण वर्षानुवर्षं श्वासातून आत गेलेली काजळी तिथे साठलेली असते. ती चिरून, जेलमध्ये बसवून उणे वीस अंशांच्या आसपास झटपट गोठवतात. गोठणं रेंगाळलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होऊन पेशी फाडतात. मग पात्यावरून साधारण पाच मायक्रॉनचा काप निघतो. काचपट्टी जवळ नेताच तो तिला चिकटतो आणि दोन रंगांत रंगून निघतो. पेशींची केंद्रकं जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. पॅथॉलॉजिस्टची नजर आधी ग्रंथीच्या आवरणाच्या आतल्या कडेला जाते, कारण लसिका तिथूनच आत शिरते. छोट्या, गोल, एकसारख्या लिम्फोसाइट पेशींच्या गर्दीत मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशींचा एखादा पुंजका दिसला, की उत्तर मिळालं. साधारण वीस मिनिटांत थिएटरमध्ये निरोप जातो.

या वीस मिनिटांवर किती मोठा बदल उभा आहे, ते 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सीएएलजीबी 140503 या अभ्यासातून दिसलं. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेले 697 रुग्ण त्यात होते. ग्रंथी साफ असल्याचं शस्त्रक्रियेदरम्यान पक्कं झाल्यावरच कुणाचा पूर्ण खंड काढायचा आणि कुणाचा कमी भाग, हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण कमी भाग काढलेल्यांत 80.3 टक्के होतं, पूर्ण खंड काढलेल्यांत 78.9 टक्के. म्हणजे कमी कापून रुग्णाचं काही बिघडलं नाही. 1995 पासून पूर्ण खंड काढणं हाच दंडक मानला जात होता. तो छोट्या गाठींपुरता सैल झाला, पण ग्रंथी साफ असल्याच्या अटीवर. ग्रंथीत रोग सापडला, तर बहुधा पूर्ण खंड काढण्याचा आणि पुढे औषधोपचारांचा विचार होतो.

फ्रोझन सेक्शनची मर्यादाही समजून घ्यायला हवी. एक सेंटिमीटरच्या ग्रंथीतून पाच मायक्रॉनचे काप सलग घेतले, तर दोन हजार होतील. थिएटरला उत्तर देताना त्यातले मोजकेच बघितले जातात. न बघितलेल्या कापांत 2 मिलिमीटरहून लहान पुंजका लपलेला असू शकतो. म्हणून उरलेली ग्रंथी नंतर मेणात बसवून सावकाश तपासतात आणि कधीकधी अंतिम अहवालात उत्तर बदलतं.

यावर जपानमध्ये एक विलक्षण तोड निघाली, ओस्ना नावाची. ती आधी स्तनाच्या कर्करोगासाठी वापरात आली, मग फुफ्फुसासाठीही अभ्यासली गेली. यात ग्रंथीचा काप न घेता ती घोटून तिचं द्रावण करतात आणि त्यात सायटोकेराटिन 19 या प्रथिनाचा आरएनए संदेश शोधतात. लसिकाग्रंथीच्या स्वतःच्या पेशींत तो जवळपास नसतो, फुफ्फुसाच्या बहुतेक कर्करोगांत मात्र असतो. 65 अंशांवर त्या संदेशाच्या भराभर प्रती बनतात आणि द्रावण गढूळ होतं. संदेश जितका जास्त, तितकं लवकर. अर्ध्या-पाऊण तासात ग्रंथीच्या घोटलेल्या भागाची पूर्ण झडती होते. पण घोटलेला भाग पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत नाही, म्हणून काही काप आधी बाजूला राखावे लागतात.

घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर अंतिम अहवालातला ग्रंथींचा भाग जरूर वाचा. स्टेशन 7 पुढे 0/3 असं लिहिलेलं असेल, तर तिथल्या तीन ग्रंथी तपासल्या आणि एकीतही रोग नव्हता. आपली नजर वरच्या शून्यावर जाते, पण खालचा आकडाही तितकाच बोलका असतो. सगळ्या स्टेशनांवर मिळून एकच ग्रंथी तपासली असेल तरी शून्य येतं आणि बारा तपासल्या तरी शून्यच येतं. भरवसा ठेवावा, तो बारांमधल्या शून्यावर. तो आकडा कमी वाटला, तर कोणकोणती स्टेशनं तपासली हे सर्जनना निःसंकोच विचारावं.