गुऱ्हाळाच्या चुलाणास जाळ कां लागत नाहीं ?

सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊस गाळून गूळ करणारीं गुऱ्हाळें आजहि चालूं आहेत. हंगामांत पुष्कळांची तक्रार असते कीं, जळण भरपूर घालूनहि काहिलीस उकळी लवकर येत नाहीं. हा प्रश्न केवळ जळणाच्या खर्चाचा नाहीं. उसाचा रस किंचित् आम्ल असतो. तो मंद आंचेवर फार वेळ राहिला म्हणजे त्यांतील कांहीं साखर फुटते व ती पुन्हां कणीदार होत नाहीं. मग गूळ काळसर व मऊ होतो, ढेप पाझरते आणि भाव पडतो. यास्तव चुलाण मोडून नवें बांधण्यापूर्वीं दोष कोठें आहे, हें क्रमानें पाहावें.

पहिली परीक्षा जळणाची. चरकांतून निघालेल्या ताज्या चिपाडांत वजनानें सुमारें निम्में पाणी असतें. म्हणजे १ किलो ओल्या चिपाडांत जळणारा भाग अर्धाच किलो. शिवाय उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें २७० किलोकॅलरी उष्णता खर्चीं पडते. ती वाफ ज्वाळेस थंड करून धुराड्यावाटे निघून जाते. चिपाड वांकवून पाहावें. कडकन् मोडलें तर वाळलें, नुसतें वळलें तर ओलें समजावें. ढीग वरून वाळला तरी पोटांत ओल राहते, म्हणून आंतील मूठ घेऊन पाहावी.

दुसरी परीक्षा वाऱ्याची. जळण वाळलेलें असूनहि धूर काळा येत असेल, तर जाळास वारा कमी पडतो असें जाणावें. राख सांचून खालचा मार्ग बुजतो. ती दर आधणागणिक काढावी. चिपाडें एकदम कोंबूं नयेत, थोडथोडीं व वरचेवर घालावींत.

तिसरी परीक्षा धुराड्याची. आंत काजळी बसली अथवा वीट ढासळली तर ओढ मंदावते व धूर तोंडाकडे परततो. उलट, धुराड्याच्या शेंड्याशीं ज्वाळा दिसूं लागल्या तर ओढ अति झाली. उष्णता काहिलीखालीं न थांबतां वाया जाते. काहिलीच्या कडेशीं धुमसती वात धरावी. धूर फटींत ओढला गेला तर तेथून थंड हवा शिरते. ती फट मातीनें लिंपावी.

चौथी परीक्षा काहिलीच्या बुडाची. बाहेरची काजळी व आंतील करपलेली पुटें लोखंडापेक्षां फारच कमी उष्णता पोंचवितात. दोन्ही बाजू खरवडून स्वच्छ ठेवाव्या.

दोष सांपडेपर्यंत एका वेळीं एकच सुधारणा करावी, आणि प्रत्येक आधणास लागलेला वेळ व जळण वहींत टिपावें. नाहीं तर कशानें गुण आला तें समजत नाहीं. साधारणतः १०० किलो रसापासून १८ ते २० किलो गूळ उतरतो. म्हणजे सुमारें ८० किलो पाणी आटवावें लागतें. एवढें काम जाळाकडून घ्यावयाचें असतां ओल्या चिपाडांवर उपाय म्हणून जुने टायर किंवा प्लास्टिक जाळण्याचा मोह कोणीहि धरूं नये. त्या विषारी धुरांत आपलेच गडी दिवसभर उभे असतात. चार दिवसांचें कोरडें ऊन व ताडपत्रीचें आच्छादन, हाच त्याहून स्वस्त व निर्धोक उपाय होय.