बर्फाच्या गावातलं डांगर

बाबा भंडाऱ्याचे. वैनगंगेच्या पात्रातल्या डांगरवाड्या बघत वाढलेले. (विदर्भात डांगर म्हणजे खरबूज. खानदेशकरांनी लाल भोपळा समजू नये.) माँट्रिअलच्या घरामागे मी चार आळी करून डांगर लावलंय, हे फोनवर ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "बर्फात डांगर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

त्यांना काय दोष द्यायचा? इथे राहणाऱ्या बहुतेकांनाही तसंच वाटतं. पण याच शहराच्या नावाचं एक खरबूज एकेकाळी न्यू यॉर्क आणि बॉस्टनच्या बड्या हॉटेलांत मिरवत होतं. माँट्रिअल मेलन. हिरवा गर, जाळीदार साल आणि चवीत जायफळाची झाक. बर्पी या अमेरिकन बियाणे कंपनीने ते १८८१ मध्ये आपल्या यादीत घेतलं. एकेका फोडीला डॉलरच्या आसपास भाव मिळायचा, आणि तो डॉलर त्या काळचा! पिकायचं कुठे, तर शहराच्या पश्चिमेकडच्या नोत्र-दाम-द-ग्रास भागात, मों-रॉयल टेकडीच्या आडोशाला, उघड्या शेतात. डेकारी घराणं त्यासाठी नावाजलेलं. आज तिथून डेकारी नावाचाच महामार्ग जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर पसरलं, मळे गेले आणि वाणही नाहीसं झालं असंच लोक धरून चालले. मग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्सच्या सरकारी बियाणे संग्रहात त्याचं बी सापडलं आणि माँट्रिअलजवळच्या एका शेतावर ते पुन्हा लावलं गेलं.

तेव्हा "थंड देशात खरबूज काचघराशिवाय येत नाही" हा समज निकालात काढायला शंभर वर्षांपूर्वीचे इथले शेतकरीच पुरेसे आहेत. पण तो समज येतो कुठून? आपण 'थंड देश' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जानेवारी असतो. वेलीला जानेवारीशी काही घेणं नाही. ती एकाच हंगामाची पाहुणी. तिला उन्हाळा कसा मिळतो, एवढंच पाहायचं.

रशियात व्होल्गाकाठी कामिशिन नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे नदी गोठते. तरी ते गाव कलिंगडांसाठी प्रसिद्ध आहे. कामिशिन साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि लंडन ५१ वर. लंडनच्या अंगणात कलिंगड पिकवणं मात्र कर्मकठीण, कारण समुद्र जवळ असल्यामुळे तिथला हिवाळा जसा मऊ तसा उन्हाळाही मऊ. जुलैत दुपारचा पारा सरासरी २३-२४ अंशांवरच रेंगाळतो. समुद्रापासून दूर असलेल्या कामिशिनला हिवाळा हाडं गोठवतो आणि उन्हाळा भाजून काढतो. खरबुजाला दुसरा सौदा मान्य आहे.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नागपूरचा दाखला दिला. "आमच्याकडे मेमध्ये पंचेचाळीस असतं." मग त्यांनाच विचारलं, की बी कधी टोचतात? थोडा वेळ फोनवर शांतता. वाड्या लागतात ऐन थंडीत. नागपुरात जानेवारीत दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १२-१३. माँट्रिअलच्या जुलैत दुपारी २६-२७ आणि पहाटे १६-१७. दिवसाची सरासरी काढली तर फार फरक उरत नाही. उलट रात्री इथल्याच उबदार. उत्तरेत यमुना-गंगेच्या पात्रात तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बी टोचतात आणि थंड वाऱ्याच्या बाजूने गवताचे आडोसे उभे करतात. खरबूज हे रणरणत्या उन्हात खाण्याचं फळ आहे, पण त्याचं बालपण आपल्याकडेही थंडीतच जातं.

खरा फरक पुढे पडतो. भंडाऱ्यात वेल वाढते तसा पारा चढतो. फळ साखर भरायला लागतं तेव्हा मार्च-एप्रिल तापलेला असतो. माँट्रिअलमध्ये वेल जुलैत जोमात येते, ऑगस्टमध्ये फळं फुगतात आणि साखर भरण्याच्या वेळी सप्टेंबरच्या गार रात्री दारात उभ्या. तिथे चढण, इथे उतार. थंड मुलखात खरबूज फसतं ते बहुतेकदा इथे. एकूण उष्णता पुरते, पण ती चुकीच्या टोकाला संपते. पुढचे बरेचसे गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

"तिकडे ऊनच कमी" हा त्यातला साधा. २१ जूनला मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा असतो, माँट्रिअलमध्ये साडेपंधरा तासांहून मोठा. उजेड भरपूर आहे. कमी पडते ती ऊब, आणि त्यातही मातीची ऊब.

यावरून मी पहिल्या वर्षी सपाटून मार खाल्ला. हंगाम आखूड म्हणून जितकं लवकर लावू तितकं बरं, हा हिशेब कुणालाही पटेल असा आहे. मी मार्चअखेर घरात, खिडकीत बी पेरलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, इथे सगळे बागवाले रोपं बाहेर काढतात तेव्हा, माझी रोपं फूटभर लांब आणि कुंडीत मुळांचा गुंता झालेली होती. बाहेर लावली. रात्री सात-आठ अंश. दंव पडलं नाही, रोपं मेली नाहीत, पण तीन आठवडे जागची हलली नाहीत. मागाहून शेजारणीने दिलेली दोन पानांची रोपं मी जूनमध्ये लावली आणि जुलैच्या मध्याला त्यांनी माझ्या मार्चच्या रोपांना मागे टाकलं.

कारण असं की दंव नसणं म्हणजे ऊब असणं नव्हे. दहा अंशांच्या खाली खरबुजाची वाढ जवळजवळ थांबते, आणि कोवळ्या वयात बसलेला गारठ्याचा धक्का वेल लवकर विसरत नाही. बी रुजायला मातीत २५ ते ३० अंश असले तर उत्तम. १५च्या आसपास ते कुजण्याचीच शक्यता जास्त. म्हणून बी घरात, उबदार जागी, लावणीच्या फक्त तीन-चार आठवडे आधी पेरायचं. रोप दोन-तीन खऱ्या पानांचं असताना, माती सकाळी १८ अंश दाखवू लागली की बाहेर न्यायचं. कॅलेंडरपेक्षा मातीत खुपसायचा थर्मामीटर भरवशाचा. "काकडीवर्गीय रोपं हलवली की मरतात" हेही अर्धंच खरं आहे. मुळं दुखावलेली त्यांना खपत नाहीत. लहान रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद उचललं तर काही होत नाही. आणि रोपाला "थंडीची सवय लावू" म्हणून रात्री बाहेर ठेवू नये. कोबीला ते चालतं. खरबुजाला पाणी थोडं कमी करणं एवढीच सवय पुरे.

माती तापवायची कशी? जुने माँट्रिअलकर घोड्याच्या ताज्या लिदीचा जाड थर जमिनीत भरून वर माती पसरायचे. लीद कुजताना तापते, वर काचेच्या चौकटी ठेवल्या की रोपाला खालून-वरून ऊब मिळते. आज लीद कोण आणणार? पण महाराष्ट्रात कलिंगडाची थंडीतली लागवड ज्यांनी पाहिली आहे त्यांना आताचं उत्तर ठाऊक आहे: गादीवाफा, मल्चिंग पेपर आणि वर क्रॉप कव्हर. अगदी तेच इथेही. पेपर काळा असला की माती जास्तीत जास्त तापते, असं मात्र समजू नये. काळा पेपर स्वतः तापतो, आणि तो मातीला घट्ट चिकटून बसला असेल तेवढीच उष्णता खाली उतरते. पारदर्शक पेपरमधून ऊन थेट मातीवर पडतं, त्यामुळे माती जास्त तापते. पण त्याखाली तणही आनंदाने वाढतं. मी काळाच वापरतो. खुरपणीचा कंटाळा, दुसरं काही नाही.

वरचं कव्हर हंगामभर ठेवलं तर जास्त ऊब, म्हणून जास्त फळं, हा हिशेब फुलं आल्यावर कोसळतो. आधी आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात. त्याने कुणी घाबरू नये, वेल वांझ नसते. मग देठाशी चिमुकलं फळ असलेली फुलं दिसतात. त्या दिवशी कव्हर काढलंच पाहिजे. मधमाशीला आत वाट नसेल तर फळ नाही.

"काकडीशेजारी लावलं तर डांगर फिकं होतं." हा समज इतका घट्ट आहे की तो मी भंडाऱ्यात ऐकला, माँट्रिअलमध्ये फ्रेंच बोलणाऱ्या आजोबांकडून ऐकला आणि बियाण्याच्या दुकानातही ऐकला. खरबुजाच्या पेशीत २४ गुणसूत्रं, काकडीच्या १४. दोघांचा संकर शेजारी लावल्याने होत नाही. कलिंगड तर आणखी दूरचं. दोन खरबुजांचा आपसात संकर होतो, पण त्याचा परिणाम बियांत, म्हणजे ते बी पेरल्यावर पुढच्या पिढीत दिसतो. यंदाच्या फळाचा गर आईवेलीचाच. गंमत अशी की कोकणातलं चिबूड हे खरबुजाचंच सख्खं भावंड आहे. म्हणजे बी राखायचं असेल तर काळजी चिबडाची करावी, काकडीची नाही. मग काकडीच्या आळ्याशेजारचं डांगर फिकं का निघालं? त्या साली ऑगस्ट ढगाळ होता, किंवा पानांवर भुरी आली होती, किंवा कुणीतरी घाईने तोडलं होतं. काकडी तिथे उभी होती म्हणून आळ तिच्यावर.

साखर येते पानांतून. हे एकदा ध्यानात घेतलं की उरलेले बरेच उपाय आपोआप गळून पडतात. फळाला ऊन लागावं म्हणून पानं खुडणं हा त्यातला सर्वांत घातक. फळ उन्हाने गोड होत नाही. पानं उन्हात साखर तयार करतात आणि ती देठातून फळात उतरते. पान खुडणं म्हणजे चालू कारखाना बंद करणं. मुळाशी गुळाचं नाहीतर साखरेचं पाणी घातलं तर मुंग्या खूश होतील. मूळ ती साखर फळात नेऊन ठेवत नाही. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी जमिनीत मॅग्नेशियम कमी असेल तरच उपयोगाची. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पाणी कमी केलेलं बरं, फळ तडकत नाही आणि पाणचट होत नाही. पण पानं मरगळेपर्यंत तोडू नये, मरगळलेलं पान साखर करत नाही.

खुडायचं असेल तर शेंडे आणि उशिराची फुलं. फळ धरल्यापासून पिकायला साधारण ४०-४५ दिवस लागतात. सप्टेंबरच्या शेवटापासून मागे मोजलं तर इथे ऑगस्टच्या मध्यानंतर धरलेलं फळ पिकणार नाही, ते नुसतं वाटेकरी. मी १० ऑगस्टला कात्री घेऊन बसतो आणि वेलीवर दोन, फार तर तीन फळं ठेवतो. शेजारी म्हणतात निर्दय आहे.

वाणाची निवडही याच उलट्या मोजणीतून होते. मिनेसोटा विद्यापीठाने १९४८ मध्ये दिलेलं मिनेसोटा मिजेट नावाचं खरबूज जेमतेम मुठीपेक्षा मोठं, पण लवकर हाती येणारं. न्यू हॅम्पशर मिजेट हे छोटं कलिंगड १९५१चं. आणि ब्लॅकटेल माउंटन हे कलिंगड ग्लेन ड्राउन्स यांनी उत्तर आयडाहोत तयार केलं, तेही शाळकरी वयात, कारण त्यांच्या गावी उन्हाळ्यातही रात्री सहा अंशांपर्यंत उतरायच्या आणि दुकानातलं कुठलंच बी टिकत नव्हतं. पाकिटावर "७० दिवस" छापलेलं असलं तरी ते बहुधा लावणीपासून आणि चांगल्या उन्हाळ्यातले धरलेले असतात. गार मुलखात दोन-तीन आठवडे पदरचे मिळवावेत. महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेलं शुगर बेबी हेही मुळात अमेरिकेतलंच. इथे ते चांगल्या वर्षी येतं, वाईट वर्षी नाही.

गेल्या वर्षी आई-बाबा प्रत्यक्ष आले, ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने. प्रत्येक डांगराखाली मी छपराच्या स्लेटचा तुकडा ठेवला होता, तो पाहून बाबांनी मान डोलावली. जुने माँट्रिअलकरही तेच करायचे. फळ ओल्या मातीपासून सुटतं आणि दगड दिवसा तापून थोडी ऊब धरतो. तोडणीवरून मात्र आमचं वाजलं. २० सप्टेंबरला रात्री चार अंश सांगितले होते. बाबा म्हणाले, "तोडून घे सगळी. गवतात ठेवू, आंबा आढीत पिकतोच की." आंब्याचं वेगळं आहे. कैरीत पिष्ट साठलेलं असतं, आढीत त्याची साखर होते. खरबूज पिष्ट साठवतच नाही. तोडल्यावर ते मऊ होईल, वासही सुटेल, पण गोडी तोडताना होती तेवढीच. जाळीवालं खरबूज देठाशी गोल चीर पाडतं आणि बोटाने ढकललं तरी सुटतं. तेव्हाच घ्यायचं. कलिंगड असं सुटत नाही, त्याच्या देठाजवळचा ताणा सुकलेला आणि जमिनीला टेकलेली बाजू पिवळी झालेली पाहायची.

रात्री जुनी चादर घातली. बारापैकी सात डांगरं पुढच्या दहा दिवसांत देठातून सुटली. पहिलं कापल्यावर बाबांनी दोन फोडी न बोलता खाल्ल्या आणि बिया पाण्यात घातल्या. उरलेली पाच हिरवी, टणक. ती खिडकीत मांडून ठेवण्यात अर्थ नव्हता. आईने त्यांची साल काढली, दुधीसारखे तुकडे केले आणि चण्याची डाळ घालून भाजी केली.