पुन्हा पाहिल्याशिवाय

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ संपतो कसा, असं कोणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं. उन्हाळी सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस. न्यायालयाचं दालन रिकामं होतं, एकेक दिवा मालवला जातो आणि पडद्यावर अंधार पसरतो. २०१५ साली चित्रपटगृहात पाहिला तेव्हापासून हा शेवट मी निदान पंधरा जणांना रंगवून सांगितला असेल. यंदा मार्चमध्ये घरी तो पुन्हा लावला. अंधार आला. आणि अंधारानंतर सकाळ झाली! न्यायाधीश सदावर्ते गोतावळ्यासह बसमधून सहलीला निघालेले. एका नातेवाइकाचं मूल नीट बोलत नाही, तर त्यावर ते नावातल्या अक्षरांचा आणि अंगठीतल्या खड्याचा उपाय सुचवतात. मग बागेतल्या बाकावर त्यांचा डोळा लागतो. पोरं दबक्या पावलांनी जवळ येऊन एकदम ओरडतात. सदावर्ते दचकून जागे होतात, हाती लागलेल्या पोराला थप्पड लगावतात आणि पुन्हा डोळे मिटून घेतात. चित्रपट इथे संपतो.

माझ्या आठवणीने हा सगळा भाग कापून टाकला होता. का, याचा मी बरेच दिवस विचार केला. अंधार देखणा होता आणि त्याने मला मोकळं सोडलं होतं. रिकाम्या दालनाला दोष द्यायला काही लागत नाही. व्यवस्था वाईट आहे, एवढं म्हणून घरी जाता येतं. थप्पड मारणारा माणूस मात्र आपल्या लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा आहे, सगळ्यांची आपुलकीने चौकशी करणारा. तो मला नको होता.

आवडत्या दहा चित्रपटांची माझी यादी कॉलेजच्या वर्षांपासून एका वहीच्या शेवटच्या पानावर आहे. दर पाच-सहा वर्षांनी मी ती नव्याने लिहितो. या अंकासाठी ती क्रमवार लिहायचं ठरलं तेव्हा ‘कोर्ट’चा हा अनुभव ताजा होता. म्हणून एक नियम घालून घेतला: यंदा पुन्हा पाहिल्याशिवाय कोणत्याही चित्रपटाला क्रमांक द्यायचा नाही. आठवणीच्या भरवशावर कोणी आत येणार नाही आणि बाहेरही जाणार नाही. रविवार सकाळ त्यासाठी राखून ठेवली. एकतीस चित्रपट पाहून झाले.

अशा याद्यांचा जगातला सगळ्यात जुना आणि मानाचा खटाटोप म्हणजे ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाचा. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ पहिला आला, तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. १९६२ ला ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ वर चढला आणि पन्नास वर्षं हलला नाही. २०१२ ला हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने १९१ विरुद्ध १५७ मतांनी त्याला खाली आणलं. हाच ‘व्हर्टिगो’ १९६२ आणि १९७२ मध्ये पहिल्या दहातही नव्हता. आणि २०२२ मध्ये पहिला क्रमांक मिळाला शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या ‘जान डिलमान’ला. तीन तासांहून लांब असलेल्या या १९७५ च्या चित्रपटात एक विधवा बटाटे सोलते, अंथरूण घालते, भांडी घासते. दहा वर्षांपूर्वी तो पस्तिसाव्या-छत्तिसाव्या जागेवर होता. २०२२ च्या या निकालावर भरपूर कुरकुर झाली. मतदारांची संख्या वाढवून सोळाशेच्या वर नेली म्हणून असं झालं, वगैरे. मला तो बदल योग्य वाटला. चित्रपटाची एकही चौकट बदललेली नसताना पाहणारी माणसं बदलली, स्वयंपाकघरातले तास कोणाचे जातात हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं मतदानाला आली. एका माणसाच्या वहीतही असंच होत असतं. फक्त तिथे मतदार तोच असतो आणि मधल्या काळात त्याचं वय वाढलेलं असतं.

ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ने (१९५३) मला हे सगळ्यात कठोरपणे दाखवलं. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील टोकियोतल्या मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, त्याला रुग्णाकडे जावं लागतं. मुलगी शिगे केशभूषेचं दुकान चालवते, तिला वेळ नाही. युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको तेवढी सुट्टी काढून दोघांना शहर दाखवते. बाविसाव्या वर्षी मी हा चित्रपट फिल्म सोसायटीच्या लोखंडी खुर्चीवर बसून पाहिला आणि शिगेचा भयंकर राग आला. आईचं दहन होऊन काही तास लोटत नाहीत, तोच ही बाई आईचे कपडे मागते! त्या रात्री वहीत लिहिलं होतं, ‘क्र. ९. मुलं अशीही असतात.’

आता पाहिला तेव्हा शिगेच्या जागी मी होतो. माझी आई गेली त्या आठवड्यात तिची जाड काठाची दोन लुगडी माझ्या बायकोसाठी वेगळी ठेव, असं मी बहिणीला म्हणालो होतो. मागताना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, तो शिगेकडे रोखून बघत नाही की तिच्यापासून तोंडही फिरवत नाही. तिला कपडे हवे आहेत, आणि थोड्या वेळापूर्वी ती खरोखर रडली आहे. दोन्ही खरं आहे. ‘टोकियो स्टोरी’ नववरून दुसऱ्या क्रमांकावर आला.

‘पथेर पांचाली’ तिसरा. तिथेही आठवणीने दगा दिला होता. काशाची पांढरी फुलं, दुर्गा आणि अपू, धूर सोडत जाणारी आगगाडी. भावाबहिणीने मिळून गाडी पाहिली, असंच माझ्या मनात पक्कं बसलेलं. प्रत्यक्षात धावता धावता दुर्गा पडते. अपू पुढे पळत राहतो आणि गाडी जवळून पाहतो तो एकटाच. पुढे पावसात भिजून दुर्गा तापाने जाते. ती पडते तो क्षण एवढासा आहे, की मी तो वर्षानुवर्षं पाहूनही पाहिला नव्हता. सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनमध्ये ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला आणि आपला चित्रपट असाच, नवख्या माणसांना घेऊन खऱ्याखुऱ्या गावात करायचा हे त्यांचं पक्कं झालं. इंदिर ठाकरूण झालेल्या चुनीबाला देवी तेव्हा ऐंशीच्या घरातल्या. पोकळ गालांची ती म्हातारी पेरू लपवते तेव्हा हसावं की गलबलावं कळत नाही. ‘बायसिकल थीव्हज’ सहावा ठेवला. शिष्य गुरूच्या वर गेला, याबद्दल मनात शंका नाही.

चौथा ‘कोर्ट’. पाचवा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३). या दोघांत खूप ओढाताण झाली. ‘फँड्री’त सगळे नायक जब्याचा दगड लक्षात ठेवतात, शेवटी तो आपल्या दिशेने येतो म्हणून. मला या खेपेला त्याआधीचा प्रसंग खिळवून गेला. कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर थांबत नाही. मग डुक्कर पकडून, बांबूला बांधून ते शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रं आहेत. मंजुळे तिथे एक शब्द बोलू देत नाहीत. ‘कोर्ट’ला एक पायरी वर ठेवलं ते फक्त त्या थपडेमुळे. आणखी पाच वर्षांनी दोघांची अदलाबदल झाली तर मला नवल वाटणार नाही.

‘सिंहासन’ (१९७९) सातवा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा रचली, जब्बार पटेलांनी ती मुंबईत काळ्या-पांढऱ्यात चित्रित केली. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री आणि निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील साकारणारा हाच माणूस दिगू होतो आणि सत्तेच्या इतक्या जवळ राहून नुसता बघत राहतो, यातच चित्रपटाचं अर्धं काम होतं. दिगूचं शेवटचं हसणं घरात लावून पाहावं. थिएटरात माणसं सोबतीला असतात.

‘अशी ही बनवाबनवी’ आठवा. इथे मला कोणाशी वाद घालायचा नाही. नियमाप्रमाणे पुन्हा पाहिला, घरातल्या तीन पिढ्या संवाद आधीच म्हणत होत्या, आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांच्या वेळेच्या अचूकपणाला आजही तोड नाही. नववा किआरोस्तामींचा ‘क्लोज-अप’, दहावा ‘प्यासा’.

बाहेर गेलेल्यांत सगळ्यात जिवावर आलं ते ‘श्यामची आई’ला वगळताना. अत्र्यांचा १९५३ चा हा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा, आमच्या घरात देवघराइतका मानाचा. वनमालाबाई आजही डोळ्यांत पाणी आणतात. पण ती आई कधीच चुकत नाही. प्रत्येक प्रसंगात बरोबर काय ते तिला आधीपासून माहीत असतं, शिकायचं असतं फक्त श्यामने. पन्नाशी उलटल्यावर मला चुकणारी माणसं जवळची वाटू लागली आहेत.

नियमाचा एक जाच सुरुवातीला लक्षात आला नव्हता. जे उरलंच नाही, ते पुन्हा पाहता येत नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत शिल्लक नाही. मूकपटांपैकी तर मूठभर वाचले. ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली, बोलोन्याच्या कारागिरांनी तिच्यातल्या पट्ट्या एकेक करून सोडवल्या म्हणून २०१५ मध्ये ती नव्याने दिसली. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. नायट्रेटची आग पाण्याने विझत नाही. कितीतरी डबे गेले. पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी गावोगाव फिरून, भंगारवाल्यांच्या दारात उभं राहून फिल्म गोळा केल्या नसत्या, तर माझ्या वहीतलं पहिलं नाव लिहायला मी धजावलोच नसतो.

ते नाव ‘संत तुकाराम’. १९३६, प्रभात, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवलेला. विष्णुपंत पागनीस, ज्यांनी नाटकांतून स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या, ते तुकाराम झाले. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं पद इतकं बेमालूम उतरलं की अनेकांना ते तुकोबांचंच वाटलं. हे सगळं मोठं आहेच. तरी मी पहिला क्रमांक देतो तो तुकोबांच्या बायकोसाठी, जिजाईसाठी.

गौरीने केलेली ही जिजाई घामेजलेली, म्हशीमागे धावणारी, सतत तोंड चालू असलेली बाई आहे. पोर तापाने फणफणलेलं असताना ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. आणि तीच भाकरी बांधून उन्हातून डोंगर चढते, नवरा उपाशी असेल म्हणून. तिच्या संतापात आणि घासात फरक करता येत नाही. भक्तिपटात देवाशी भांडणाऱ्या बाईला एवढी जागा देणं, तिला एकदाही न सुधारणं, हे दामले-फत्तेलालांना त्या काळात कसं सुचलं असेल, याचं दर वेळी नवल वाटतं.

शेवटी तुकोबा तिला वैकुंठाला चल म्हणतात. ती चुलीपुढे आहे. पोरं जेवायची आहेत. ती येत नाही. मग बाहेर गलका होतो तेव्हा धावत सुटते. विमान वर निघालेलं असतं, सगळं देहू हात जोडून उभं असतं. माझं लक्ष दर वेळी विमानाकडे जायचं, त्या काळातली ती करामत बघायला. यंदा मी विमानाकडे बघितलंच नाही. खाली गर्दीतून वाट काढत आलेल्या जिजाईकडे बघत राहिलो.